गाडी वडिलांच्या नावावर, कार्डावर शेतमजूर

या वेळची बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत : ॲपवरून मिळणारं काम. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथून, शिवाय सुरतेला गेलेल्या मुलांकडून. कोणी जेवणाचे डबे पोचवतं, कोणी पार्सल, कोणी टॅक्सी चालवतं. नावं आणि कंपन्या गाळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : मुलगा (वय २३) फूड डिलिव्हरी करतो. ऑर्डर घेऊन जाताना महामार्गावर कारनं मागून ठोकलं, पायाचं हाड मोडलं. मोटारसायकल माझ्या नावावर आहे. विमा एजंट म्हणतो, मुलाला काहीच मिळणार नाही. हे खरं आहे का? (एक वडील, पिंप्राळा, जळगाव)

एजंट एका पॉलिसीबद्दल बोलतोय आणि तेवढ्यापुरतं त्याचं खरं आहे. पैसे मिळण्याच्या जागा मात्र एकाहून जास्त आहेत, आणि प्रत्येकीचा नियम वेगळा.

आधी एजंटचं. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते गाडीच्या नोंदणीकृत मालकाला मिळतं, तेही तो स्वतः वैध लायसनवर चालवत असेल तर. मालक तुम्ही, चालक मुलगा, म्हणून ते लागू होत नाही. आणि गाडी त्याच्या नावावर असती तरी हाड मोडल्याबद्दल त्यातून पैसे आले नसते. ते मृत्यू, हात-पाय-डोळा गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व यासाठीच आहे. दवाखान्याच्या बिलाचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे आणखी एक खाच आहे, ती गाडी विकत घेतानाच बघायला हवी. खासगी दुचाकीच्या पॉलिसीवर ‘वापराची मर्यादा’ असं एक कलम छापलेलं असतं. भाड्यानं वापर आणि मालवाहतूक त्यात वगळलेली असते. डबा पोचवताना गाडी मोडली आणि दावा टाकला, तर हेच कलम पुढे करून तो नाकारला जातो. विमा काढताना ‘गाडी डिलिव्हरीसाठी वापरणार’ हे प्रस्तावात लिहून द्या आणि तसा उल्लेख पॉलिसीवर येतो का ते पाहा. हप्ता थोडा वाढतो. तो वाचवण्यासाठी गप्प बसण्यात शहाणपण नाही.

आता जिथून मिळू शकतं ते. चूक कारवाल्याची आहे, म्हणून त्या कारच्या थर्ड पार्टी विम्यातून (दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठीचा विमा) भरपाई मागायची. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. गाडी कोणाच्या नावावर होती याचा इथे प्रश्न येत नाही. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे, ती पाळा. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. दोन्हींची प्रत पोलीस ठाण्यातून मागून घ्या. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथे दाखल करता येतो, म्हणजे पुण्यात अपघात झालेल्या जळगावच्या मुलाला पुण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

या दाव्यात रक्कम ठरते ती उत्पन्नावरून, आणि नेमकं तिथेच डिलिव्हरीची मुलं कमी पडतात. पगारपत्रक नसतं. मग आठवड्याला खात्यावर जमा झालेल्या रकमांचं बँक स्टेटमेंट आणि ॲपमधल्या कमाईच्या पानाचे स्क्रीनशॉट हाच पुरावा. अपघातानंतर खातं बंद झालं की ॲपमधला इतिहास दिसेनासा होतो. म्हणून हे काम आजच करा.

तिसरी जागा, कंपनीची गट अपघात पॉलिसी. बहुतेक मोठ्या कंपन्या ती काढतात, पण ती साधारणपणे लॉग-इन असताना किंवा ऑर्डर हातात असतानाच चालते. त्या दिवसाची ऑर्डर, वेळ, लॉग-इनची नोंद जपा. ॲपच्या मदत विभागात विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक मागा, आणि अपघात लगेच लेखी कळवा, कारण उशिरा कळवलेले दावे अडकतात. मूळ बिलं देण्याआधी त्यांच्या प्रती काढा. दावा नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५.

उपचाराबद्दल : मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद व्हावी लागते. ‘किरकोळ आहे, आपसात मिटवू’ म्हणून ११२ला फोन न करणं इथे महागात पडतं. ठोकणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा.

प्रश्न : गावातल्या शिबिरात ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) काढलं होतं. त्यावर व्यवसाय ‘शेतमजूर’ आहे. आता धुळ्यात पार्सल वाटतो. नवीन कार्ड काढू का? (शिरपूर)

नवीन नको, निघणारही नाही. १२ अंकी क्रमांक आधारला जोडलेला असतो आणि तो आयुष्यभर एकच. व्यवसाय मात्र बदलून घ्या. २०२१-२२ मधल्या शिबिरांत सेवा केंद्रवाल्यांनी गर्दीत सगळ्यांनाच शेतमजूर करून टाकलं, त्यामुळे हा घोळ खेडोपाडी आहे.

संकेतस्थळावर क्रमांक आणि आधारच्या ओटीपीनं आत जा, माहिती अद्ययावत करण्याच्या पानावर व्यवसाय बदला, बँक खातं आणि पत्ता तपासा. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी आता वेगळी नोंद आहे, तिच्यात आपली कंपनी निवडायची असते आणि कंपनीकडून ती माहिती पडताळली जाते. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. तो आधी आधार केंद्रावर किंवा पोस्टात बदलून घ्या, त्याशिवाय ओटीपी येणार नाही. दुसरं, आधारवर नाव एक आणि कंपनीच्या ॲपमध्ये दुसरं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, ॲपमध्ये फक्त ‘पाटील’ किंवा स्पेलिंग वेगळं. कंपनीकडची माहिती आधारप्रमाणे करून घ्या.

नोंदणी मोफत आहे. वय १६ ते ५९. अडचणीला हेल्पलाइन १४४३४.

प्रश्न : नवीन कामगार कायदा लागू झाला म्हणतात. मग आम्हाला पीएफ, किमान वेतन, सुट्टी मिळणार का? (डिलिव्हरी करणारे चौघे, देवपूर, धुळे)

नाही. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची व्याख्या पहिल्यांदा आली. पण ती व्याख्याच अशी आहे की, पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा तो गिग कामगार. किमान वेतन, पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळं त्या नात्याला चिकटलेलं आहे. म्हणजे कायद्यानं तुम्हाला ओळख दिली, नोकरी दिली नाही. संघटनांनी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती याच मुद्द्यावर.

मिळतं ते असं. केंद्र सरकार तुमच्यासाठी जीवन व अपंगत्व विमा, अपघात विमा, आरोग्य व प्रसूती लाभ, म्हातारपणाची सोय, पाळणाघर अशा योजना करू शकतं. त्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. प्रवासी वाहतूक, जेवण-किराणा, मालवाहतूक, ऑनलाइन बाजार, घरगुती व व्यावसायिक सेवा, आरोग्यसेवा हे सगळे व्यवसाय यादीत आहेत.

आपल्याकडे हे अगदी नवं नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीत हमालांना विचारा. १९६९च्या माथाडी कायद्यानं काम देणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) घ्यायची आणि मंडळानं हमालाला लाभ द्यायचे, ही पद्धत महाराष्ट्रानं आधीच लावली. त्यात नोंद नसलेल्या हमालाला काहीच मिळत नाही, हेही तिथेच कळेल.

तुमच्या कामाचा मुद्दा दिवसांचा आहे. डिसेंबर २०२५अखेर आलेल्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात पात्रतेसाठी एका आर्थिक वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम धरलं आहे. ज्या दिवशी थोडी का होईना कमाई झाली तो एक दिवस. एकाच तारखेला तीन ॲपवर काम केलं तर तीन दिवस मोजायचे, असंही त्या मसुद्यात आहे. कापूस वेचणीला दोन महिने गावी जाणाऱ्यालाही ९० दिवस अवघड नाहीत. अवघड आहे ते भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर काम करणाऱ्याला. त्याचे दिवस दुसऱ्याच्या आधारवर जमा होतात. अपघात झाला तर कंपनीच्या विम्यासाठी तो माणूस अस्तित्वातच नसतो. चौघांपैकी कोणी असं करत असेल तर आजच थांबवा.

राजस्थान (२०२३) आणि कर्नाटक (२०२५) यांनी स्वतःचे कायदे केले आहेत, कर्नाटकात काढून टाकण्याआधी १४ दिवसांची नोटीस आहे. ते त्या राज्यांपुरते. धुळ्यात त्यांचा आधार घेता येणार नाही.

प्रश्न : ग्राहकानं खोटी तक्रार केली आणि आयडी कायमचा बंद झाला. बारा दिवसांचे पैसे अडकलेत. कुठे जाऊ? (अमळनेर)

दोन गोष्टी वेगळ्या करा : आयडी आणि पैसे. पैशांची बाजू मजबूत आहे, आयडीची कमकुवत.

ॲप मोबाइलमधून काढून टाकू नका. आत जाता येत असेल तोवर थकीत रक्कम, शेवटच्या ऑर्डर, बंद केल्याचा संदेश आणि सुरुवातीला मान्य केलेला करार यांच्या प्रती काढा. मग ॲपमध्ये तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि तीच तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलनं पाठवा. त्यांचा पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी असतो. तीनच वाक्यं पुरेत : अमुक तारखेच्या अमुक ऑर्डरवरची तक्रार मला मान्य नाही, पुरावा दाखवा, आणि अमुक रक्कम पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. फोनवर झालेलं बोलणं धरू नका.

उत्तर नाही आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जळगाव, किंवा अमळनेर न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती. हेल्पलाइन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाकडून दाखलपूर्व नोटीस गेली की थकलेली रक्कम बऱ्याचदा सुटते, कारण एवढ्याशा पैशासाठी कंपनीला वकील पाठवणं परवडत नाही. थेट दावा करण्याआधी करारातलं लवादाचं आणि न्यायक्षेत्राचं कलम वकिलाला दाखवा. तिथे बहुधा परराज्यातलं शहर लिहिलेलं असतं. ग्राहक मंचात जाऊ नका, या नात्यात तुम्ही ग्राहक नाही.

प्रश्न : भुसावळला पार्सलच्या गोदामात छाटणीचं काम करतो. ठेकेदार म्हणतो, तुम्ही गिग वर्कर, पीएफ लागत नाही. (भुसावळ)

ठेकेदार फसवतोय. हजेरी, ठरलेली पाळी, मुकादम आणि महिन्याचा पगार असेल तर तुम्ही कंत्राटी कामगार आहात, म्हणजे नोकरच. २० किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ, दहा किंवा जास्त असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). ईएसआयचे तुमच्याकडून फक्त पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. नेमणूकपत्र देणंही आता बंधनकारक आहे.

आधी बघा की पगारातून कापतात पण भरत नाहीत असं तर नाही. पीएफला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक संदेशानं येते. काहीच नसेल तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर आणि सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार. अर्जात ठेकेदाराबरोबर मुख्य कंपनीचंही नाव घाला, कारण ठेकेदारानं बुडवलं तर जबाबदारी तिच्यावर येते. हजेरीपटाचा फोटो, गेटपास, गणवेशावरचा बिल्ला, व्हॉट्सॲप गटातले पाळीचे संदेश हे सगळं पुरावा म्हणून चालतं.

प्रश्न : मी जळगावात घरोघरी जाऊन ब्युटीपार्लरचं काम घेते. एका घरी पुरुषानं त्रास दिला. कंपनीनं ‘बुकिंग रद्द करा’ एवढंच सांगितलं. (नाव गाळलं आहे)

ताई, बुकिंग रद्द केल्यानं काहीच संपत नाही. प्रसंग तारीख-वेळेसह आजच लिहून ठेवा, बुकिंगचा स्क्रीनशॉट जोडा.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५खाली (लैंगिक छळ) तक्रार करता येते, त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. याशिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आहे. त्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या रुंद आहे, कंत्राटी, तात्पुरत्या, मध्यस्थामार्फत काम करणाऱ्या सगळ्या येतात, आणि कामानिमित्त जावं लागतं ते ठिकाणही कामाचं ठिकाण धरलं जातं. कंपन्या ‘या पार्टनर आहेत, कर्मचारी नाहीत’ असा मुद्दा काढतात आणि न्यायालयांत त्यावर वाद चालू आहे. म्हणून कंपनीच्या अंतर्गत समितीला ई-मेल कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडेही अर्ज द्या. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात मिळतो. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. तातडीला ११२ किंवा १८१.

जाता जाता : ई-श्रम कार्ड असलेल्या महिलेला पहिल्या बाळंतपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५ हजार मिळू शकतात, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत.

प्रश्न : मे महिन्यात ४५ अंशांत गाडी चालवतो. ऊन लागून काही झालं तर २० रुपयांचा विमा चालेल का? (चोपडा)

बहुधा नाही. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना (वय १८ ते ७०) फक्त अपघाताची : मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. अपघात म्हणजे अचानक, बाहेरून, दिसेल असा झालेला आघात, उष्माघात त्यात बसवणं कठीण. ४३६ रुपयांची जीवनज्योती योजना (वय १८ ते ५०) मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी २ लाख देते, फक्त पहिले ३० दिवस अपघाताशिवाय लागू नसतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर दोन्ही चालू असायला हव्यात. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसले की विमा खंडित होतो. आठवड्याची कमाई आली की लगेच काढून घेणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना : आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या रुग्णालयांत, योजनेत मंजूर असलेल्या उपचारांसाठी. शिधापत्रिका आणि आधार लागतं, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. सुरतेला काम करणाऱ्या नंदुरबार-नवापूरच्या मुलांनी मात्र यावर विसंबू नये. गुजरातमधल्या रुग्णालयात आयुष्मान कार्ड चालतं. यादीत नाव आहे का ते गावी असतानाच तपासून कार्ड काढून घ्या. हेल्पलाइन १४५५५.

प्रश्न : कंपनी दर आठवड्याला १ टक्का कापते. परत मिळतो का? आणि विवरणपत्र भरलं तर पेन्शन योजना जाईल का? (चाळीसगाव)

तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर आहे. तुमच्या उत्पन्नावर कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून पूर्ण परत मिळतो, न भरता मिळत नाही. कपात १ टक्क्याऐवजी २० टक्के दिसत असेल तर पॅन आधारला जोडलेलं नाही, ते आधी करा. कंपनीनं कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का, हे आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणात तपासा.

श्रमयोगी मानधन योजनेतून (वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत, हप्ता ५५ ते २०० रुपये, ६० नंतर महिना ३ हजार) आयकर भरणारे वगळलेले आहेत. परतावा घेण्यासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. सेवा केंद्रावर ‘आयकरदाता आहात का’ या रकान्यात घाईनं ‘होय’ टिचकवलं जातं, तेवढं स्वतः बघून घ्या.